‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमकं काय डाऊन?

आमच्याकडं लाईट गेली की कुणी नुसतं ‘लाईट गेली’ म्हणून गप बसत नाही. लोडशेडिंग आहे का, फ्यूज उडाला का, एक फेज गेला का, डीपी जळाली का, की वरूनच लाईन बंद आहे, हे पाच-दहा मिनिटांत गावाला कळलेलं असतं. शाळेत न गेलेला म्हातारासुद्धा शेजारच्या घरात बल्ब लागतोय का ते आधी बघतो. मोटार नुसती गुणगुणतेय आणि फिरत नाही, म्हणजे फेज गेला, हे तो आवाजावरून सांगतो. हे ज्ञान त्यानं हौसेनं मिळवलेलं नाही. प्रत्येक बिघाडाचा इलाज वेगळा असतो, म्हणून त्याला ते शिकावं लागलं. लोडशेडिंग असेल तर वेळापत्रक बघून झोपायचं. फ्यूज असेल तर वायरमनला फोन. डीपी जळाली असेल तर वर्गणी, ट्रॅक्टर आणि महावितरणच्या ऑफिसात खेटे.

तोच म्हातारा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी, सातबाऱ्यासाठी, पीकविम्यासाठी तालुक्याला सेतू केंद्रात जातो आणि त्याला दोन शब्द ऐकायला मिळतात: सर्व्हर डाऊन. उद्या या. तो मुकाट्यानं परत जातो. कुठला सर्व्हर, काय डाऊन, कधीपासून, कुणामुळं, उद्या नक्की का, यातलं काहीही तो विचारत नाही. तो अडाणी आहे म्हणून नाही. त्या दोन शब्दांत पुढं विचारायला जागाच ठेवलेली नाही, म्हणून.

मी जावाच्या वेब सर्व्हरांवर काम करणारा इंजिनिअर आहे. सर्व्हर का बोलत नाही हे शोधणं हेच माझं पोटापाण्याचं काम. म्हणून जबाबदारीनं सांगतो, ‘सर्व्हर डाऊन’ हे निदान नाही. दवाखान्यात डॉक्टरनं ‘पेशंट आजारी आहे’ एवढं सांगून फी घ्यावी, तसं ते आहे. आणि हे निदान न करणं कुणाच्या तरी सोयीचं आहे, हे माझं म्हणणं आहे.

एका शब्दात सात आजार

आधी थोडं आत जाऊ. घाबरू नका, डीपीपेक्षा अवघड काही नाही.

बहुतेक सरकारी आणि खाजगी वेबसाइटी तीन मजली असतात. पुढं एक दारवान सर्व्हर. त्याच्यामागं खरं काम करणारा ॲप्लिकेशन सर्व्हर. जावाच्या जगात तो बहुतेकदा टॉमकॅट असतो. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनं १९९९ मध्ये तो अपाचे संस्थेला देऊन टाकला, तेव्हापासून तो कुणालाही फुकट वापरता येतो. आणि सगळ्यात मागं डेटाबेस, म्हणजे दप्तरखाना. प्रत्येक सरकारी साइट जावावरच चालते असं नाही. पण तीन मजले सगळीकडं तेच, आणि आजारही तेच.

पहिला आजार: पत्ताच सापडत नाही. नावावरून नंबर काढून देणारी यंत्रणा, डीएनएस, चुकीचं उत्तर देते किंवा देतच नाही. सर्व्हर ठणठणीत असतो, फक्त तिथं जायची वाट कुणाला माहीत नसते.

दुसरा: ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. तुम्ही घरापर्यंत पोचलात, दार वाजवलं आणि लगेच उत्तर आलं की इथं कुणी राहत नाही. म्हणजे मशीन चालू आहे, पण ८०८० नंबरच्या दारामागं टॉमकॅट उठलेलाच नाही. किंवा उठलाय, पण तो फक्त १२७.०.०.१ या पत्त्यावर कान लावून बसलाय. हा पत्ता म्हणजे ‘मी स्वतः’. तो फक्त स्वतःशीच बोलतो.

तिसरा: ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. दार वाजवलं, पण होही नाही आणि नाहीही नाही. बहुतेकदा मधल्या फायरवॉलनं निरोप गिळलेला असतो. रिफ्यूज्ड आणि टाइमआउट यांतला फरक म्हणजे फोनवर ‘राँग नंबर’ ऐकू येणं आणि नुसती रिंग वाजत राहणं यांतला फरक. ज्याला हा फरक कळतो, त्याचं अर्धं काम तिथंच झालं.

चौथा: ४०४. घर उघडं आहे, पण तुम्ही ज्या खोलीचं नाव घेताय ती खोलीच नाही. ॲप्लिकेशन चढवताना आत काहीतरी मोडलं आणि टॉमकॅट ते ॲप्लिकेशन सोडून बाकी सगळ्यासकट उठला.

पाचवा: ५००. माणूस खोलीत आहे, पण तुमचा कागद हातात घेताच त्याला भोवळ आली. ही प्रोग्रॅमची चूक.

सहावा: ५०२, ५०३, ५०४ ही भावंडं. दारवान जागा आहे, पण तो सांगतोय की मागचा माणूस वेडंवाकडं बोलतोय, किंवा आत्ता घेत नाही म्हणतोय, किंवा वेळेत उत्तरच देत नाही.

सातवा सगळ्यात लाजिरवाणा: सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली. दुधाच्या पिशवीवर असते तशी या प्रमाणपत्रात शेवटची तारीख लिहिलेली असते. बसवलं त्या दिवसापासून ती सगळ्यांना माहीत असते. तरी ती तारीख उजाडते आणि साइट बंद पडते.

या सातांचे इलाज सात, जबाबदार माणसं सात आणि लागणारा वेळही सात तऱ्हांचा. काही दहा मिनिटांत बरे होतात, काहींना दोन दिवस लागतात. लॉग वाचणाऱ्याला यातला कुठला आजार आहे हे सांगायला बहुतेक वेळा चहा गार होण्याइतकाही वेळ लागत नाही. जावाची एरर लांबलचक असते, पण प्रामाणिक असते. खाली खाली जात शेवटच्या ‘कॉज्ड बाय’ या ओळीशी पोचलं की ती मूळ कारण बहुतेक सांगून टाकते. ते कारण सेतूच्या खिडकीपर्यंत येता येता दोन शब्दांचं कसं होतं, हा खरा प्रश्न आहे.

‘लोड आला’ म्हणे

सगळ्यात लाडकं कारण म्हणजे लोड. एकदम लई लोक आले, सर्व्हरनं दम तोडला. ऐकायला पटतं. म्हणून हे नीट उलगडू, आणि उलगडायला लातूरइतकी चांगली जागा नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्यामुळं रांग, तोटी आणि घागर यांचं गणित लातूरकराला कुणी शिकवायला नको. समजा एका टाकीला दहा तोट्या आहेत. एक घागर भरायला अर्धा मिनिट. मिनिटाला वीस माणसं मोकळी होतात. आता समजा नियम असा केला की आधी तोटी धरायची, मग तोटी न सोडता पोराला घरी पाठवून रेशनकार्ड मागवायचं, ते आलं की मग घागर लावायची. कार्ड यायला दहा मिनिटं. आता मिनिटाला किती? जेमतेम एक. टाकी भरलेली आहे, तोट्या दहाच्या दहा चालू आहेत, पाणी मात्र कुठंच पडत नाही. रांग मात्र गांधी चौकापर्यंत.

सर्व्हरच्या आत हेच घडतं. दप्तरखान्याशी बोलायला ठराविक जोडण्या असतात, त्याला कनेक्शन पूल म्हणतात. जावात सर्रास वापरल्या जाणाऱ्या हिकारी नावाच्या पूलमध्ये, तुम्ही काही बदललं नाही तर, या तोट्या दहाच असतात. टॉमकॅटकडं काम करणारे हात, म्हणजे थ्रेड, मुळात २०० असतात. एक काम अर्ध्या सेकंदात होत असेल तर दहा तोट्यांवर सेकंदाला वीस अर्ज निघतात. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं डेटाबेसची तोटी धरून ठेवून मग ओटीपी किंवा आधारच्या पडताळणीसाठी बाहेर निरोप पाठवला, आणि उत्तराला दहा सेकंद लागले, तर सेकंदाला एक अर्ज. उरलेले १९० हात तोटीची वाट बघत उभे. हिकारी ३० सेकंद वाट बघतो आणि मग एरर फेकतो. माणूस रिफ्रेश दाबतो, रांगेत आणखी एक उभा राहतो. सगळे हात अडकले की साधं मदतीचं पानसुद्धा उघडत नाही.

गंमत म्हणजे त्या क्षणी मशीन तपासलं तर प्रोसेसर निवांत, मेमरी मोकळी. सर्व्हर दमलेला नसतो, ताटकळत बसलेला असतो. आणि इथं आपली व्यवस्था काय करते? दुप्पट मोठा सर्व्हर विकत घेते. म्हणजे तोट्या दहाच ठेवून दुसरी टाकी बांधते.

आणि लोड अचानक आला हे तर कुणी सांगूच नये. १६ जुलै २०२१ ला दहावीचा निकाल होता. कोविडमुळं परीक्षा झाली नव्हती, मूल्यमापन शाळांनी केलं होतं. दुपारी एक वाजता निकाल दिसणार होता आणि संकेतस्थळ तासन्‌तास उघडलंच नाही. त्या वर्षी पंधरा लाखांहून जास्त विद्यार्थी होते. ही संख्या मंडळाला निकालाच्या दिवशी कळली का? प्रत्येकाचा बैठक क्रमांक मंडळानंच दिलेला होता. येणाऱ्या पाहुण्यांची यादी हातात, जेवणाची वेळ आपणच ठरवलेली, आणि तरी पंगतीला पत्रावळ्या कमी. चार वर्षांनी, २१ मे २०२५ ला, अकरावीची राज्यभरातली ऑनलाइन नोंदणी सुरू होणार होती. पहिल्याच दिवशी पोर्टल बसलं आणि नोंदणी २६ मे वर ढकलावी लागली. चार वर्षांत शिकलो काय?

लातूरला ‘लातूर पॅटर्न’चा अभिमान आहे, आणि त्यात काहीतरी आहेच. खऱ्या परीक्षेआधी शंभर परीक्षा द्यायच्या, प्रत्येक पेपरनंतर कुठं चुकलं ते बघायचं, पुन्हा द्यायची. सॉफ्टवेअरमध्ये याला लोड टेस्टिंग म्हणतात. जेमीटर नावाचं अपाचेचंच अवजार त्यासाठी फुकट मिळतं. खोटी माणसं तयार करून ते साइटवर सोडतं आणि कुठं मोडतं ते दाखवतं. सतरा वर्षांच्या पोराला आपण वर्षभर सराव परीक्षा देऊन पिळून काढतो आणि त्याचा निकाल दाखवणाऱ्या यंत्राला एकदाही नीट सराव परीक्षेला बसवत नाही. लातूर पॅटर्न आधी सर्व्हरला लावा.

रिस्टार्ट मारा, तिकीट बंद करा

आता माझ्या जातभाईंकडं येतो. अहमदपूर, उदगीर, देगलूर, मुखेड, कंधारहून निघून हिंजवडीला किंवा खराडीला पोचलेले आपण हजारो जण आहोत. यातल्या कित्येकांचं पहिलं काम प्रोडक्शन सपोर्टचं असतं. रात्रपाळी, समोर पाच स्क्रीन, आणि वरिष्ठांनी दिलेला एक कागद: असं झालं तर रिस्टार्ट करा, तसं झालं तरी रिस्टार्ट करा.

रिस्टार्टनं काम होतं, हीच त्यातली खरी पंचाईत. अडकलेल्या तोट्या सुटतात, सगळं पुन्हा वाहायला लागतं, तिकिटावर ‘सर्व्हर इश्यू, रिझॉल्व्ह्ड’ असं लिहून ते बंद होतं. पण प्रेत जाळून टाकल्यावर पोस्टमॉर्टेम कशाचं करणार? रिस्टार्टच्या आधी थ्रेड डंप घ्यायला काही सेकंद लागतात. कोणता हात कुठं अडकलाय याचा तो फोटो असतो. एकशे नव्वद हात एकाच ओळीवर, पूलकडून जोडणी मागताना थांबलेले दिसले, की सगळी कथा एका कागदावर आली. तो फोटो नसेल तर पुढच्या मंगळवारी तेच होणार, त्याच्या पुढच्या मंगळवारीही.

एक ओळखीचा आजार सांगतो. ऑफिस संध्याकाळी बंद होतं, रात्रभर कुणी साइट वापरत नाही. मायएसक्यूएल हा डेटाबेस, सेटिंग बदललं नसेल तर, २८,८०० सेकंद म्हणजे आठ तास न बोललेली जोडणी आपल्या बाजूनं तोडून टाकतो. जुन्या धाटणीच्या पूलला ते कळत नाही. सकाळी दहाला पहिला माणूस येतो, पूल त्याला मेलेली जोडणी देतो, एरर येते. दुसऱ्यालाही येते. थोड्या वेळानं आपोआप चालू होतं. ‘सकाळी सर्व्हर स्लो असतो, अकरानंतर या,’ अशी प्रथाच मग पडून जाते. इलाज काय, तर जोडणी देण्याआधी ती जिवंत आहे का हे तपासायचं सेटिंग चालू करणं. दोन ओळींचं काम. त्या दोन ओळींच्या आळसापायी पहाटेच्या एसटीनं येऊन रांगेत पहिला उभा राहिलेला माणूस रोज मार खातो. लवकर आल्याची शिक्षा.

हे आपल्याला कॉलेजात का शिकवत नाहीत? मी मराठवाड्यातल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलो. जावाचं प्रॅक्टिकल म्हणजे जर्नलमधला प्रोग्रॅम टाइप करणं, आउटपुटचा प्रिंट चिकटवणं, सही घेणं. एरर आली तर पोरगं दुसऱ्या पीसीवर जाऊन बसायचं. चार वर्षांत कुणी चालू सर्व्हर मुद्दाम बिघडवून ‘आता शोध’ असं म्हटलं नाही. पोर्ट बदलून ठेवा, डेटाबेसचा पासवर्ड एका अक्षरानं चुकवा, फायरवॉल बंद करा, आणि मार्क द्या ते शोधण्याला. आयटीआयमधल्या मोटार मेकॅनिकच्या पोराला बिघडलेलं इंजिन मिळतं. बीई-बीटेकच्या पोराला मिळतं फक्त चालणारं इंजिन, तेही कागदावर. मग नोकरीत पहिल्यांदा चारशे ओळींची एरर दिसली की हात आपोआप रिस्टार्टकडं जातो.

घड्याळ फक्त तुमच्यासाठी

इथपर्यंतचं कुणी इंजिनिअरांची आपसातली कुरबुर म्हणून सोडून देईल. देऊ नका, कारण पुढं पैसा आहे आणि हक्क आहे.

२०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत कर्जमाफीसाठी ऑनलाइन अर्ज सक्तीचा होता, बोटांचे ठसे देऊन. केंद्रांवर रांगा लागल्या आणि मुदत वाढवावी लागली. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला, ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत गेली. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेची मुदत आधी १५ जुलै, मग ३१ ऑगस्ट, मग ३० सप्टेंबर. २०२५ मध्ये त्याच योजनेची ई-केवायसी, तिचीही मुदत ३१ डिसेंबरपर्यंत लांबवली. मुदतवाढीची कारणं दर वेळी वेगळी असतील, पण मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात केंद्रावर काय ऐकू येतं हे तुम्ही-आम्ही जाणतो. आणि मुदतवाढ ही कृपा म्हणून येते. बातमीत ‘दिलासा’ असा शब्द असतो. यंत्र सरकारचं बंद, आणि दिलासा आपल्याला!

त्याहून वाईट मुदती तर वाढतच नाहीत. शेतात पाणी साचून पीक गेलं तर ७२ तासांत विमा कंपनीला कळवायचं, हा नियम २०२४ पर्यंतच्या खरिपात इथल्या शेतकऱ्याला तोंडपाठ होता. ७२ तास, तेही पुराचे. गावात लाईट नाही, टॉवर बंद, आणि ॲप उघडलंच तर चक्र फिरत बसलेलं. शेतकऱ्याचं घड्याळ तासात मोजलं जातं. ते ॲप त्या ७२ तासांतले किती तास उभं होतं, हे मात्र त्याच्या दाव्याच्या कागदावर कुठंही मोजलं जात नाही.

कायद्याचीही गंमत बघा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा. ठरलेल्या दिवसांत दाखला द्यायचा, नाही दिला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. अर्ज केला की पोच आणि क्रमांक मिळणं हाही त्यात हक्क आहे. चांगला कायदा आहे. पण दिवस मोजायला सुरुवात कधी होते? अर्ज दाखल झाल्यावर. आणि सर्व्हर डाऊन असेल तर अर्ज दाखलच होत नाही. म्हणजे तुम्ही चार दिवस चकरा मारल्या तरी कायद्याच्या दृष्टीनं तुम्ही आलाच नाहीत. उशीर झालाच नाही. जुन्या काळी आवक बारनिशीचा कारकून खडूस असेल, पण तो शिक्का मारून द्यायचा. त्या शिक्क्यावर तारीख असायची आणि ती तारीख पुढं भांडायला कामी यायची. ऑनलाइननं तो शिक्का काढून घेतला आणि त्या बदल्यात फिरणारं चक्र दिलं.

उत्तरदायित्व कुणाचं लागतं, तेही पाहून ठेवा. आयकराचं नवं पोर्टल ७ जून २०२१ ला सुरू झालं, इन्फोसिसनं बांधलेलं, सुमारे ४,२४२ कोटींचा प्रकल्प. ते रखडत चाललं आणि ऑगस्टमध्ये सलग बंद पडलं, तेव्हा केंद्रीय अर्थ मंत्रालयानं कंपनीच्या सीईओंना २३ ऑगस्टला बोलावून खुलासा मागितला. देशाला कंपनीचं नाव कळलं, मंत्र्यांनी जाब विचारला. बरोबरच केलं. आता सांगा, तुमच्या तालुक्यात जे पोर्टल मागच्या आठवड्यात बंद होतं, ते कुणी बांधलंय? त्या कंपनीच्या कुणाला कधी मुंबईला बोलावलं? सीए रांगेत असला की सर्व्हरला नाव असतं. शेतकरी रांगेत असला की सर्व्हर म्हणजे पाऊस, आला तर आला.

‘लोकांना काय कळणार?’

यावर तीन उत्तरं ठरलेली असतात.

पहिलं: गावच्या माणसाला एरर कोड काय कळणार? त्याला कोड नकोच आहे. ‘आधार पडताळणी बंद आहे, बाकी चालू आहे, ती तीन वाजता सुरू होईल’ हे मराठी वाक्य त्याला कळतं. डीपी आणि फेज कळणाऱ्याला एवढं कळत नाही असं म्हणणाऱ्यानं आधी डीपीवर फ्यूज बांधून दाखवावा.

दुसरं: सुरक्षेमुळं सांगता येत नाही. मग टॉमकॅटचं मूळचं एररचं पान तसंच का ठेवता? त्यावर आवृत्तीचा नंबर आणि आतल्या फायलींची नावं उघडी पडतात. ती चोराच्या कामाची, नागरिकाच्या नाही. एका सेटिंगनं ती झाकता येतात. खरं तर उलटं हवं: आतला तपशील लॉगमध्ये, आणि बाहेर माणसाच्या हातात एक तक्रार क्रमांक, ज्यावरून लॉगमधली नेमकी ओळ सापडेल.

तिसरं: एवढ्या मोठ्या यंत्रणेत बिघाड होणारच. अगदी मान्य. गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ ला एका अभियंत्यानं चुकून चालू डेटाबेसच पुसला आणि बॅकअपही ऐनवेळी कामी येईनात. त्यांनी काय केलं? दुरुस्तीचं टिपण जगाला उघडं ठेवलं, दुरुस्तीचं थेट प्रक्षेपण केलं, आणि नंतर काय चुकलं याचा सविस्तर अहवाल छापला. त्या अभियंत्याला फासावर लटकवलं नाही. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ ला आरोग्यविम्याचं सरकारी संकेतस्थळ सुरू झालं तेव्हा पहिल्या दिवशी फक्त सहा जणांची नोंदणी झाली. सोडवायला आलेल्या पथकानं सुरुवातीलाच काय केलं, तर कुठं काय अडकलंय ते दाखवणारा फलक उभा केला. बिघाड लपवला नाही की तो लवकर दुरुस्त होतो, एवढीच गोष्ट.

मागणी सरळ आहे

अशक्य काही मागत नाही. यातलं बहुतेक मी आणि माझ्यासारखे चार जण महिनाभरात बांधून देऊ शकू.

एक, प्रत्येक सरकारी पोर्टलचं स्थितीपान असावं, वेगळ्या मशीनवर, मूळ साइट मेली तरी जिवंत राहणारं. काय बंद आहे, कधीपासून, कधी सुरू होईल, मराठीत. बांधणाऱ्या कंपनीचं नाव खाली. रस्त्याच्या कामाला फलक लावता ना, तसाच.

दोन, सर्व्हर डाऊन असताना आलेल्या प्रत्येक माणसाला पोच मिळावी. नाव, वेळ, तारीख, केंद्राचा क्रमांक. कागदावर शिक्का मारून दिली तरी चालेल. ती तारीख हीच अर्जाची तारीख धरावी.

तीन, जेवढा वेळ यंत्र बंद, तेवढी मुदत आपोआप पुढं. मंत्र्यांच्या घोषणेची वाट बघायला लागू नये.

चार, एक तासापेक्षा जास्त बंद पडलेल्या प्रत्येक वेळेचं कारण पंधरा दिवसांत जाहीर व्हावं. त्यात ‘तांत्रिक कारण’ हे शब्द लिहायला बंदी असावी.

आणि सेतूच्या खिडकीमागं बसलेल्या पोरावर ओरडू नका. त्याच्या हातात माऊसशिवाय काही नाही, आणि तोही दिवसभर तेच चक्र बघतोय. त्याला फक्त एवढं विचारा: दादा, स्क्रीनवर काय लिहून आलंय ते वाचून दाखवा. ते लिहून घ्या, फोटो काढा, वेळ टाका. पाचशे दोन असेल तर पाचशे दोन. मग तो कागद घेऊन तहसीलदारांकडं जा आणि आवकचा शिक्का मागा.